विमानाची नथ

"ह्या रविवारी मीपण येते," असं कालिंदीबाई म्हणाल्या आणि नृसिंह हेर्लेकर सरांच्या हातातला चहा बशीत सांडला. सांडणारच की! चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई एकदाही विमानात बसली नव्हती. विमान राहू दे, जत्रेतल्या पाळण्यात बसली नव्हती. जोतिबाच्या डोंगरावर जाताना एसटीत खिडकीकडं पाठ करून बसायची. आणि विमान काय परक्याचं होतं? नवऱ्याचं स्वतःचं, दोन माणसांचं विमान तीस वर्षं उजळाईवाडीच्या विमानतळावर जुन्या हँगरमध्ये उभं. त्यातली उजवीकडची सीट हिच्यासाठी राखून राखून नवरा एकाहत्तर वर्षांचा झाला.

"तुला बरं आहे न्हवं?" सरांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय? ये ये म्हणत होता, येते म्हणाले. आता तुम्हीच कशाला दचकताय?"

सर दचकले होते हे मात्र खरं. नऊ दिवसांपूर्वी ती असं म्हणाली असती तर त्यांनी राजारामपुरीत पेढे वाटले असते. आता मात्र त्यांना ते नको होतं. का नको होतं, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं, निदान त्यांची तशी समजूत होती.

आता विमान म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, मोठी असामी असणार, बंगला असणार, दारात तीन गाड्या असणार. कशाचं काय! तीन खोल्यांचं घर, दारात एक जुनी स्कूटर, आणि कालिंदीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सर फ्लाइंग क्लबात विमान शिकवायचे. क्लब बंद पडला तेव्हा मागच्या शेडमध्ये एक 'पुष्पक' जातीचं विमान उंदरांनी कुरतडलेलं पडलं होतं. पंखांना पत्रा नाही, कापड. इंजिन सुरू करायचं तर पुढचा पंखा हातानं फिरवायचा. भंगारात चाललं होतं ते, यांनी उचलून आणलं. उद्यमनगरातल्या गुंडू मिस्त्रीला हाताशी धरून चार वर्षं त्याच्यावर खपले, सगळ्या परवानग्या काढल्या आणि उडवलं. कोल्हापुरात कुणी घोडं पाळतं, कुणी म्हशी पाळतं, सरांनी विमान पाळलं. दर रविवारी सकाळी अर्धा तास वर जायचं, पंचगंगेच्या वळणावरून एक फेरी मारायची आणि खाली यायचं. ना कुणाला दाखवायला, ना मिरवायला.

पण अलीकडं थकले होते. उडायला नव्हते थकले. उडायच्या आधीचं आणि नंतरचं जे काही असतं त्यानं थकले होते. डॉक्टरचं सर्टिफिकेट, विमानाचं सर्टिफिकेट, गेटवर तपासणी, आत आणखी एक तपासणी. मोठ्या कंपन्यांची विमानं यायला लागली, नवी इमारत झाली, गावाचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्या दोन विमानांच्या मध्ये टॉवर यांना वीस मिनिटं द्यायचा, आणि ती वीस मिनिटं गाठताना म्हाताऱ्याची दमछाक व्हायची. स्टुलावर चढायचं तर गुडघे कुरकुरत. विमान ढकलून बाहेर काढलं की गुंडूच्या नकळत पंखाला टेकून श्वास घ्यावा लागे. घरी आल्यावर दुपारपर्यंत आडवे व्हायचे आणि वर म्हणायचे, "छान झाली फेरी." कसली छान? कधीकधी खाली उतरल्यावर जीव भांड्यात पडायचा, एवढंच.

गारगोटीच्या एका तंत्रशाळेत प्रसेनजीत कांबळे नावाचा शिक्षक होता. तरुणपणी सरांकडंच विमान शिकलेला. दोन वर्षं तो मागं लागला होता. "सर, थांबायचं ठरवलंत तर विमान आम्हाला द्या. पोरं उघडून बघतील, जोडतील, शिकतील." सर त्याच्यावर खेकसले होते, "विमान आहे का बेडूक आहे रे, चिरफाड करायला?" बिचारा पुन्हा बोलला नाही. दसऱ्याला फोन मात्र करायचा.

तर नऊ दिवसांपूर्वी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला कोल्हापुरात यंत्राला हात लावायच्या आधी त्याची पूजा. गुंडूच्या हातून तर विमानाची पूजा म्हणजे लग्नघरच. नाकाला झेंडूचा हार, चाकांना गंध, शेपटीला अक्षता, पुढ्यात नारळ. आणि शेवटी नथ. डाव्या पंखाखाली पुढं तोंड करून एक बोटाएवढी नळी असते. उडताना तिच्यात वारा शिरतो आणि त्यावरून समोरचा काटा विमानाचा वेग दाखवतो. त्या नळीच्या भोकात गुंडू झेंडूचं एक फूल देठानं खोचायचा. "पोरगीला नथ नगं व्हय?" म्हणायचा. पहिल्या वर्षी सर ओरडले होते, मग त्यांनाच ते आवडायला लागलं. तेव्हापासून रिवाजच पडला: पूजा झाली की सरांनी स्वतःच्या हातानं ती नथ काढायची, नळी पुसायची, मग फेरी मारायची आणि फूल घरी नेऊन कालिंदीबाईंना द्यायचं. बाई ते देवापुढं ठेवायच्या. दर वर्षी सर त्यांना तेच सांगायचे, "हे फूल नळीत राहिलं ना, तर वेग कळत नाही. वेग कळला नाही की माणूस चुकतो. आणि वर चुकलेला माणूस खाली कसा येतो, तुला सांगायला नको."

यंदा ते काढायचं राहिलं.

घाई झाली होती. टॉवरनं दिलेली वेळ संपत आली होती, नारळ फुटेना, प्रसादाचा पेढा तोंडात घोळत होता. सरांनी विमानाभोवती चक्कर मारली, हात जोडले, आत बसले आणि निघाले. धावपट्टीवर धावताना काट्याकडं बघायचं असतं, तेही बघितलं नाही. चाकं सुटल्यावर नजर गेली तर काटा शून्यावर झोपलेला! चाळीस वर्षांच्या सवयीनं, इंजिनच्या आवाजावर आणि बुडाखालच्या अंदाजावर त्यांनी एक छोटी फेरी घेतली आणि विमान टेकवलं. गुंडू तेव्हा गेटवरच्या पोलिसांना प्रसाद द्यायला गेला होता. सर एकटेच उतरले. नळीतल्या फुलाच्या पाकळ्या उडून गेल्या होत्या, देठ तेवढा आत घट्ट बसला होता. त्यांनी तो नखानं उपसला, गवतात फेकला आणि विमानाच्या वहीत नेहमीसारखं इंग्रजीत लिहिलं: सर्व ठीक.

घरी बाईंनी विचारलं, "फूल?"

"गुंडू खोचायला विसरला यंदा," सर म्हणाले आणि आंघोळीला गेले.

आयुष्यात शेकडो पोरांना शिकवलं. त्यांचा एक नियम सगळ्यांना पाठ होता: हात लावल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही. उडायच्या आधी यादीतलं एकेक कलम तपासायचं, प्रत्येक गोष्टीला हात लावायचा, मग 'झालं' म्हणायचं. नुसतं बघून कुणी 'झालं' म्हणाला की सर त्याला त्या दिवशी जमिनीवर ठेवायचे. आणि कुणी वर तोंड करून "सर, झालं म्हणतोय ना!" असं म्हणाला, तर तो आठवडाभर जमिनीवर. कितीजणांना रडवलं असेल. आता स्वतःचंच फूल राहिलं, काट्याकडं बघायचं राहिलं, वर वहीत खोटं लिहिलं आणि बायकोशी खोटं बोलले. एकदा चुकतं माणूस, असं ते स्वतःला नऊ दिवस समजावत होते. समजत नव्हतं, पण समजावत होते.

आणि त्यात हिचं हे, मीपण येते!

रविवारी साडेसहाला दोघं स्कूटरवरून उजळाईवाडीला पोचली. बाईंनी केसांना स्कार्फ बांधला होता, पायांत कधी नव्हे ते बूट होते. खांद्यावरच्या पिशवीत पाण्याची बाटली, आल्याच्या वड्या आणि एक घडी घातलेला कागद. गुंडू विमान पुसत होता. त्यानं बाईंना बघितलं आणि फडकं खांद्यावर टाकून दोन्ही हात जोडले.

"वैनी! आज सूर्य कुनीकडनं उगावला म्हनायचा? बसा बसा. आज आमची पोरगी धन्य झाली की!"

"गुंडू, तू जरा गप बस. मला वाचायचंय." बाईंनी कागद उघडला. यादीतली सत्तावीस कलमं त्यांनी फळ्यावर लिहावं तशा अक्षरात उतरून काढली होती. "मी वाचणार, तुम्ही करणार. पाठ म्हणून दाखवायचं नाही."

सरांना हसू आलं. बरंही वाटलं. हँगरमध्ये आल्या आल्या ते पहिल्यांदा नळीकडंच गेले होते. तिच्यावरची लाल कापडाची टोपी काढून तीनदा बघून आले होते. तेवढं झालं म्हणजे सगळं झालं असं मनाशी धरून बसले होते.

"वेगाची नळी."

"झालं. ही बघ, हात लावून सांगतोय."

"डाव्या पंखातली टाकी, झाकण."

"झालं."

बाई थांबल्या. "वर चढला न्हाईत तुम्ही."

"अगं, खालनं दिसतंय की घट्ट."

"चढा."

सर स्टुलावर चढले. गुडघा कळवळला. झाकण घट्टच होतं. "बघ! काय सांगत होतो?"

"असू दे. शेपटीच्या तारा."

सरांनी लांबूनच हात हलवला. "झालं."

"हात लावला न्हाईत."

ते तिथवर गेले, वाकले, तार ओढून बघितली. तार ताठ होती, सगळं जागच्या जागी होतं. उठताना पंखाला धरून उठले. टॉवरनं दिलेली वेळ सव्वासातची, आणि सात तर वाजून गेले होते. घाम फुटला होता, तोंडाला कोरड पडली होती. चौतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेली बाई एकही कलम सोडत नव्हती. बायको म्हणून चव्वेचाळीस वर्षांत जेवढं टोकलं नसेल तेवढं तिनं त्या पंधरा मिनिटांत टोकलं.

"इंजिनचं तेल."

"झालं."

"तेल बघितलं न्हाईत."

"बघितलं की! काडी काढली, पुसली, पुन्हा घातली. वरच्या खुणेपर्यंत आहे."

"न्हाई बघितलंत."

"कालिंदी, झालं म्हणतोय ना!"

आवाज हँगरभर घुमला. पत्र्यावरची कबुतरं उडाली. बाईंनी कागद छातीशी धरला. सरांनी गुंडूकडं बघितलं. गुंडू बुटांकडं बघत होता.

"गुंडू, बघितलं की न्हाई मी तेल?"

गुंडूनं मान वर केली नाही. "सर... झाकान उगडलंच न्हाय तुमी."

सरांना तर स्पष्ट आठवत होतं. काडीवरचं तेल, पिवळं फडकं, बोटाला लागलेला ओशटपणा. मग त्यांनी गुंडूच्या खांद्यावरचं फडकं बघितलं. ते निळं होतं. पिवळं फडकं दिवाळीत फाटलं होतं, मागच्या की त्याच्या मागच्या, कोण जाणे. तीस वर्षांतल्या कुठल्या तरी रविवारचं तेल त्यांनी आज बघितलं होतं. ते गेले, झाकण उघडलं, काडी ओढली. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं. विमानाची काहीच चूक नव्हती. विमान ठणठणीत होतं.

"पुढं वाचू?" बाईंनी हळू विचारलं.

"वाच."

उरलेली कलमं झाली. प्रत्येकाला हात लावून झाली. सरांनी आणि गुंडूनं विमान ढकलून हँगरबाहेर काढलं. बाई आत चढल्या, गुंडूनं पट्टा बांधून दिला आणि पुढं पंख्यापाशी जाऊन उभा राहिला. सर दाराशी आले. आता बसायचं, गुंडूला खूण करायची आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. तीस वर्षं वाट बघितलेली सीट भरली होती. एक फेरी, पंचगंगेच्या वळणावरून एकच फेरी, त्यात काय जातंय? तेल आहे, तारा ठीक, नळी स्वच्छ. त्यांनी पाय वर टाकला आणि त्यांचं लक्ष बाईंच्या हाताकडं गेलं.

कागद थरथरत होता. वारा नव्हता. ओठ मिटलेले, डोळे समोर, कपाळावर घामाचे थेंब, आणि मांडीवरचा कागद सारखा फडफडत होता.

सरांनी पाय खाली घेतला. "तुझी भीती गेली म्हणालीस न्हवं?"

"असं मी कधी म्हणाले? येते म्हणाले."

"मग कशाला आलीस?"

"यादी वाचायला." बाई अजून समोरच बघत होत्या. "दसऱ्याला गुंडू सोनं द्यायला आलता. तुम्ही खाली दूध आणायला गेलेला. म्हणाला, वैनी, फूल मिळालं न्हवं? यंदा चांगलं मोठं बघून खोचलंतं. मी म्हटलं, मिळालं."

सरांनी पंख्यापाशी उभ्या असलेल्या गुंडूकडं बघितलं.

"तुम्ही घरी सांगितलंत गुंडू विसरला म्हणून," बाई म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्याशी खोटं बोलला न्हाई. मला वाटलं, थांबा म्हणावं. पण थांबा म्हटलं की हा माणूस घरात बसून खंगेल. मग म्हटलं, आपणच जाऊ दर रविवारी. आपण वाचू. वर गेल्यावर मी डोळे मिटून बसेन."

"दर रविवारी?"

"व्हय की. त्यात काय? पट्टा असतोय न्हवं?"

पाळण्याला घाबरणारी ही बाई, ह्या कापडाच्या पंखांत, तेल न बघता 'बघितलं' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याच्या शेजारी, दर रविवारी डोळे मिटून बसणार होती. आणि ते तिला नेणारही होते! एक पाय आत टाकलाच होता की. स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि लाजेखाली, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखंही वाटलं. फार दमले होते ते. किती दमलोय हे आज पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

"गुंडू," त्यांनी हाक मारली. "पंखा फिरवू नको."

"का वो सर? वेळ झाली की."

"खंडेनवमीला मी नथ काढली न्हवती. तसाच वर गेलतो."

गुंडू पुढं आला. त्याचं तोंड एकदम पांढरं पडलं. "म्या खोचलं की वो ते फूल! माज्याच हातानं..."

"खोचायचं काम तुझं होतं, काढायचं माझं. तू तुझं केलंस. तीस वर्षं केलंस." सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता पुरे. आपण थांबलो."

"आजच्या पुरतं न्हवं?"

"न्हाई रे बाबा. कायमचं."

गुंडू स्टुलावर बसला आणि निळ्या फडक्यात तोंड घालून लहान पोरासारखा रडला. सरांना रडू आलं नाही. ते जाऊन डावीकडच्या सीटवर बसले आणि रेडिओवर टॉवरला सांगितलं की आजची फेरी रद्द. तिकडून कुणीतरी "ठीक आहे" म्हणालं आणि विषय संपला. सव्वासात झाले. मग मुंबईहून येणारं मोठं विमान उतरलं आणि हँगरचा पत्रा थरथरला. बाईंनी डोळे गच्च मिटून सरांचं मनगट धरलं.

"अगं, आपण जमिनीवरच आहोत."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या, पण मनगट सोडलं नाही. विमान थांबेपर्यंत सोडलं नाही.

सरांनी दुसऱ्या हातानं सीटमागची वही काढली. मागच्या रविवारी आपण पाठ दुखतेय म्हणून घरीच होतो, हे त्यांना आत्ता आठवलं; म्हणजे शेवटची नोंद खंडेनवमीचीच होती. सगळी वही इंग्रजीत. 'सर्व ठीक' वर त्यांनी एक रेघ मारली आणि खाली मराठीत लिहिलं: नळीत फूल होतं. मी काढलं नाही. काट्याकडंही बघितलं नाही. ह्यापुढं हे विमान मी उडवणार नाही. सही केली, तारीख घातली आणि वही बाईंकडं दिली. बाईंनी ती दोनदा वाचली, आल्याची एक वडी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि वही मिटून आपल्या पिशवीत टाकली.

उतरायच्या आधी सरांनी प्रसेनजीतला फोन लावला. रविवारी एवढ्या सकाळी सरांचा फोन म्हटल्यावर तो बिचारा धडपडून उठला असणार.

"सर? सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. ट्रक बघ एक, पंख सुटे करून न्यावे लागतील. गुंडू येईल जोडून द्यायला."

मग तो म्हणाला, "सर, नीट सांभाळू आम्ही."

"सांभाळायचं कसलं? उघडा, खोला, पोरांना शिकू दे." सरांनी एकदा बाईंकडं, एकदा मांडीवरच्या त्या कागदाकडं बघितलं. कागद आता थरथरत नव्हता. "फक्त एक कर. हात लावल्याशिवाय कुणी 'झालं' म्हणालं, तर त्याला त्या दिवशी विमानाजवळ फिरकू देऊ नको. मी असलो तरी."